प्रेमकवितेत सौंदर्य टिकतं म्हणजे नक्की काय टिकतं?

रसग्रहणाच्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं : 'कवीने आपल्या प्रेयसीचे सौंदर्य अमर केले आहे.' वाक्य देखणं आहे, त्याला गुणही मिळतात. पण लिहिणाऱ्याला विचारा, की बाबा रे, ती दिसायला कशी होती ते जरा सांग, तर उत्तर येत नाही. कारण कवितेत ते बहुतेक वेळा नसतंच. मग अमर झालं ते काय? आज एवढा एकच प्रश्न घेऊ. त्यासाठी फार लांब जायला नको. गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंडला जाऊ.

मालगुंड हे केशवसुतांचं, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचं जन्मगाव. जन्म १८६६ चा. पेशा शिक्षकाचा, खानदेशात फैजपूरला आणि पुढे धारवाडला त्यांनी शिकवलं. १८९२ साली त्यांनी 'मयूरासन आणि ताजमहाल' ही चौदा ओळींची कविता लिहिली. मराठीतलं पहिलं सुनीत म्हणून तिचं नाव घेतात. केशवसुत स्वतः या प्रकाराला 'चतुर्दशक' म्हणत. 'सुनीत' हा शब्द नंतर रुळला.

हा प्रकार मूळचा इटलीतला. चौदाव्या शतकात पेत्रार्कने लॉरा नावाच्या स्त्रीसाठी शेकडो सुनीतं लिहिली. १३४८ च्या प्लेगच्या साथीत लॉरा गेली, तरी तो तिच्यावर लिहीतच राहिला. त्याच्या सुनीतात आधी आठ ओळी आणि मग सहा. आठ ओळींत म्हणणं मांडायचं आणि तिथून वळायचं. शेक्सपिअरची मांडणी वेगळी : चार, चार, चार आणि शेवटी दोन. इंग्रजी ओळ साधारण दहा अक्षरांची असते. मराठीत पुष्कळ सुनीतं शार्दूलविक्रीडित वृत्तात आहेत, म्हणजे एका ओळीत १९ अक्षरं. त्यामुळे मराठी सुनीतात जागा जवळजवळ दुप्पट मिळते. हे फायद्याचं की तोट्याचं, यावर वर्गात भांडायला हरकत नाही. मला विचाराल तर पुष्कळदा तोट्याचं. जागा मिळाली की विशेषणं वाढतात.

आता केशवसुतांनी निवडलेला विषय बघा. एकाच बादशहाच्या दोन वस्तू त्यांनी शेजारी ठेवल्या. शाहजहानची बेगम मुमताज १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला वारली आणि पुढच्या वर्षी आग्र्याला ताजचं काम सुरू झालं. मयूरासनही त्याच काळातलं. त्यावर बादशहा पहिल्यांदा बसला तो १६३५ मध्ये. १७३९ मध्ये नादिरशहा दिल्ली लुटून गेला तेव्हा ते सिंहासनही घेऊन गेला. ताज अजून आहे. कविता मिळवून वाचाच, पण वाचायच्या आधी एक विचार करा. सिंहासनाची किंमत रत्नांत होती आणि रत्नं उचलून नेता येतात. ताजची किंमत त्याच्या घडणीत आहे. ती गाठोड्यात बांधून कोण नेणार? कवितेचं तर याहून सोपं. तिच्यात लुटण्यासारखं काहीच नसतं, सगळी घडणच.

पण गंमत अशी, की ताजकडे कितीही वेळ बघितलं तरी मुमताज कशी दिसायची ते कळत नाही. तिच्या जाण्याने एका माणसाचं काय झालं, ते कळतं. आपला प्रश्न इथेच सुटायला लागतो.

शेक्सपिअरची १५४ सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली. त्यातलं अठरावं जगभरच्या वर्गांत शिकवतात. त्यात कवी आपल्या प्रिय माणसाची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करतो. (आपल्याकडे असं कुणी म्हटलं तर ते कौतुक वाटणार नाही, मे महिन्यात रत्नागिरीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा पाऊस सरल्यावरचा मोकळा काळ समजा.) उन्हाळा संपतो, फुलं गळतात, पण तुझं सौंदर्य या ओळींत राहील, असं तो ठामपणे सांगतो. आता पुन्हा वाचा आणि शोधा : त्या माणसाचे डोळे कसे? केस? नाव? काही नाही. पहिल्या सतरा सुनीतांत तर त्याचा सल्ला वेगळाच होता : लग्न कर, मूल होऊ दे, म्हणजे तुझं रूप मागे राहील. रूप राखायचं काम मुलाकडे दिलं होतं. अठराव्यात ते कवितेने घेतलं, आणि कवितेने रूपाबद्दल चकार शब्द काढला नाही. मग राहिलं काय, तर कुणीतरी कुणाकडे असं बघितलं होतं, हे राहिलं.

असं बघणं आपल्याकडेही फार जुनं आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथा आहेत. गोदाकाठची खेडी, नांगर धरणारे तरुण, वाटसरू, नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायका. एकेक गाथा दोन ओळींची. त्या बायकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. पण कोण दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती, कुणी बोलता बोलता मान वळवली, हे कळतं. रूपाचं वर्णन वाचताना आपण 'हो का' म्हणतो. मान वळवणं वाचताना आपल्याला आपल्या ओळखीचं कुणीतरी आठवतं. कविता टिकते ती अशा जागांवर.

मात्र 'अमर' हा शब्द जपून वापरा. महाराष्ट्री प्राकृत आज कुणाच्या घरात बोलत नाहीत. स. आ. जोगळेकरांसारख्या अभ्यासकाने १९५६ मध्ये ती गाथा मराठीत उलगडून दिली, म्हणून ती तुमच्यामाझ्यापर्यंत पोचली. केशवसुतांचंही तेच. ते १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, वय अवघं ३९. हयातीत संग्रह नाही. कविता मासिकांत विखुरलेल्या. दहाएक वर्षांनी हरि नारायण आपटे यांनी त्या गोळा करून पुस्तक केलं. सगळ्या मिळून सुमारे १३५. आपटे नसते तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. केशवसुतांचा एकही फोटो उपलब्ध नाही. चेहरा गेला तो गेलाच.

मालगुंडला त्यांचं जन्मघर जपलं आहे, कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभारलं आहे. आपल्या बाजूला कौलारू घर टिकवायचं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. आगोटीच्या आधी वर चढून कौलं परतावी लागतात, फुटलेली बदलावी लागतात. एक वर्ष टाळलं की घर गळायला लागतं. कवितेला वर चढणारा माणूस म्हणजे वाचक.

आता गृहपाठ. घरातलं एखादं थकलेलं माणूस घ्या. आजी म्हणा, मोठी काकी म्हणा, शेजारचे अण्णा म्हणा. त्यांच्यावर चौदा ओळी लिहा. नाक, डोळे, रंग, केस यांतला एकही शब्द वापरायचा नाही. ते सुपारी कशी कातरतात, हाक कशी मारतात, दार उघडताना आधी काय करतात, एवढंच. आठव्या ओळीनंतर वळण घ्यायचा प्रयत्न करा. यमक जुळलं नाही तरी चालेल. वहीत उतरवण्याआधी एकदा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.