सूत्रधाराचा पक्षपात : शंका आणि शहानिशा

खेळ म्हटला की दोन पक्ष आले, आणि दोन पक्ष आले की त्यांच्यामध्ये उभा राहणारा तिसरा माणूसही आला. क्रिकेटमध्ये त्याला आपण पंच म्हणतो. पंचाची चूक झाली तर खेळाडू हळहळतो. परंतु पंच एका बाजूचा आहे असे एकदा वाटू लागले, की खेळावरचे त्याचे मनच उडते. ज्या खेळात हा तिसरा माणूस केवळ निर्णय देत नाही, तर खेळाचे सारे जगच निर्माण करतो, त्या खेळात हा प्रश्न किती नाजूक होत असेल याची कल्पना करावी. अशा एका खेळाच्या निमित्ताने पक्षपाताची शंका कशी तपासावी, आणि ती खरी ठरल्यास काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खेळाचे स्वरूप

1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावी, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. या खेळात चार-सहा मंडळी एका मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी जादूगार, तर कोणी उपासक. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो प्रसंग सांगतो, शत्रूंच्या वतीने खेळतो, नियमांचा अर्थ लावतो आणि प्रत्येक कृतीचा परिणाम जाहीर करतो. इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात. आपल्या नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द त्याला चांगला शोभतो. एखादी कृती साधते की फसते हे बहुधा वीस पैलूंचा फासा टाकून ठरते. या खेळात खेळाडू एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात. ते मिळून एक कथा घडवीत असतात. म्हणूनच सूत्रधाराने एकालाच झुकते माप दिले, तर बाकीच्यांची केवळ हार होत नाही. ते त्या कथेतूनच बाहेर फेकले जातात.

पंचाच्या अधिकाराचा पूर्वेतिहास

सूत्रधाराला एवढा अधिकार आला कोठून? त्याचे मूळ प्रशियाच्या सैन्यात सापडते. राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 1824 साली आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून एक युद्धखेळ सिद्ध केला. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे, आणि पंचाने फासे व कोष्टके यांच्या आधारे हानी मोजावयाची, अशी त्याची रीत होती. पुढे हे नियम फार किचकट वाटू लागले. तेव्हा 1876 साली फेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने असे प्रतिपादन केले की, कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकबुद्धीवरच विसंबावे. त्यामुळे खेळ जलद झाला. पण सारा भार एका माणसाच्या निःपक्षपातीपणावर येऊन पडला.

हीच परंपरा पुढे अमेरिकेतील हौशी खेळाडूंपर्यंत पोहोचली. 1979 साली सूत्रधारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्सने फाशाचा कौल बाजूला सारण्याचा हक्क सूत्रधाराला दिला आहे. तेव्हा ‘सूत्रधाराने फासा मानला नाही’ एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. तो हक्क कोणासाठी, किती वेळा आणि कशासाठी वापरला गेला, हा खरा प्रश्न आहे.

पक्षपाताचे एक महागडे उदाहरण

‘खेळच तो, त्यात एवढे काय?’ असे म्हणणाऱ्यांनी पुढील प्रसंग ध्यानात घ्यावा. 1942 च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवे बेटावरील स्वारीची रंगीत तालीम ‘यामातो’ या युद्धनौकेवर युद्धखेळाच्या रूपाने केली. त्या खेळात अमेरिकन विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला चढविला. फुचिदा आणि ओकुमिया या जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या वृत्तान्तानुसार, फाशाच्या कौलाप्रमाणे नऊ बॉम्ब अचूक पडले आणि ‘अकागी’ व ‘कागा’ या दोन्ही नौका बुडाल्या असे ठरले. परंतु खेळाचे नियंत्रण करणारे अॅडमिरल उगाकी यांनी नवांचे तीन करविले. ‘अकागी’ला किरकोळ इजा झाली आणि ‘कागा’ तेवढी बुडाली, असे मानण्यात आले. आणि पुढच्या टप्प्याच्या खेळात ती बुडालेली ‘कागा’सुद्धा पुन्हा तरंगू लागली!

4 जून 1942 रोजी सुरू झालेल्या प्रत्यक्ष लढाईत जपानने ‘अकागी’ आणि ‘कागा’ यांसह चार विमानवाहू नौका गमावल्या. या पराभवाची कारणे अनेक होती. केवळ त्या दुरुस्तीमुळे तो झाला असे म्हणणे योग्य होणार नाही. तथापि एक धडा स्पष्ट आहे. पंच जेव्हा स्वतःच्या आवडत्या पक्षाला वाचवितो, तेव्हा त्या पक्षाचेही तो भले करीत नाही. कारण त्याला आपली उणीव कळतच नाही. आपण लाडका आहोत हे न कळता जिंकणाऱ्या खेळाडूची स्थितीही अशीच असते.

शंका आणि गणित

आता आपल्या मेजाकडे वळू. एका खेळाडूचे फासे नेहमी चांगले पडतात आणि आपले नेहमी वाईट, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिची प्रथम गणिताने परीक्षा करावी.

समजा, वीस पैलूंच्या फाशावर 11 किंवा अधिक पडल्यास यश मिळते. म्हणजे यशाची संभाव्यता निम्मी. एका खेळाडूने एका बैठकीत दहा वेळा फासा टाकला, आणि आठ किंवा अधिक वेळा त्याला यश आले. हे कितपत असंभाव्य आहे? दहा फेकींचे यशापयशाचे एकूण 1024 क्रम संभवतात. त्यांपैकी आठ यशांचे 45, नवांचे 10 आणि दहांचा 1, असे मिळून 56 क्रम होतात. म्हणजे संभाव्यता शेकडा साडेपाचांच्या आसपास. एकट्या माणसापुरते पाहता ही गोष्ट विरळ वाटते.

पण मेजाभोवती चार खेळाडू आहेत. चौघांपैकी निदान एकाला असे भरघोस यश मिळण्याची संभाव्यता शेकडा 20 निघते. म्हणजे पूर्ण प्रामाणिक फाशांनीही सरासरीने दर पाच बैठकींत एकदा कोणीतरी ‘दैवाचा लाडका’ ठरणारच! त्यात आठ किंवा अधिक अपयशे पदरी येणारा दुर्दैवी खेळाडूही धरला, तर असा काही ना काही प्रकार घडण्याची संभाव्यता शेकडा 37 पर्यंत जाते. शिवाय आपले मन स्वतःचे अपयश आणि दुसऱ्याचे यश अधिक घट्ट धरून ठेवते, हेही विसरू नये. तात्पर्य, एका संध्याकाळच्या फाशांवरून कोणाच्याही नावाला बट्टा लावणे अन्यायाचे होय.

मग पाहावे कशाकडे?

पक्षपात असलाच तर तो फाशांपेक्षा निर्णयांत अधिक दिसतो. त्यासाठी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे.

पहिली गोष्ट, नियमांचा अर्थ. सारख्याच कृतीला एकास अनुमती आणि दुसऱ्यास नकार मिळतो काय? दुसरी गोष्ट, वेळेची वाटणी. एखाद्याच्या पात्राला संभाषणासाठी अर्धा तास मिळतो आणि दुसऱ्याचे बोलणे दोन वाक्यांत आटोपले जाते, असे वारंवार घडते काय? तिसरी गोष्ट, परिणामांची तीव्रता. एकाच्या चुकीवर हसून पांघरूण घातले जाते आणि दुसऱ्याच्या तशाच चुकीची जबर शिक्षा होते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन-चार बैठकींपर्यंत टिपून ठेवावीत. टिपण लिहिताना आपल्याला मिळालेली सवलतही प्रामाणिकपणे लिहावी. अनेकांची शंका या शेवटच्या रकान्यातच विरघळून जाते.

येथे समान वागणूक आणि न्याय्य वागणूक यांतील भेदही ओळखला पाहिजे. नवख्या खेळाडूला सूत्रधाराने दोन गोष्टी अधिक समजावून सांगितल्या, तर तो पक्षपात नव्हे. वर्गात मागे पडलेल्या मुलाला शिक्षक अधिक वेळ देतात, तसेच ते आहे. उलट, खरा पक्षपातही पुष्कळदा जाणूनबुजून केलेला नसतो. जो मोठ्याने बोलतो, जवळ बसतो, किंवा ज्याच्याशी सूत्रधाराचा जुना स्नेह असतो, त्याच्याकडे लक्ष आपोआप वळते. दोष खरा असला तरी हेतू दुष्ट असेलच असे नाही.

बोलावे कसे?

महाभारतातील द्यूतप्रसंग आपणांस ठाऊकच आहे. त्या सभेचा अधिपती धृतराष्ट्र हा एका पक्षाचा पिता होता. म्हणजे निःपक्षपाती पंच असा तेथे कोणी नव्हताच. अशा सभेत द्रौपदीने काय केले? तिने नेमका प्रश्न विचारला: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, की आधी मला? त्या एका प्रश्नाने मोठमोठे सभासद निरुत्तर झाले, आणि विकर्णासारख्या कौरवालाही तिची बाजू घेऊन बोलावेसे वाटले. आपल्या मेजावरचा प्रसंग त्या मानाने अगदीच क्षुल्लक खरा. पण धडा तोच. ‘तुम्ही पक्षपाती आहात’ हा आरोप झाला. त्याला उत्तर म्हणून केवळ राग येतो. ‘गेल्या खेपेस भिंत चढण्यासाठी तुम्ही त्याला फासा टाकावयास सांगितले नाही, मला मात्र सांगितले, यात कोणता नियम धरला?’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर द्यावेच लागते.

हा प्रश्न भर खेळात नव्हे, तर बैठक संपल्यावर आणि सूत्रधाराला एकट्याला गाठून विचारावा. त्यापूर्वी एखाद्या समंजस सोबत्याला ‘तुलाही असे जाणवले काय?’ असे विचारण्यास हरकत नाही. परंतु सर्वांना गुपचूप गोळा करून कट रचू नये. ज्याला झुकते माप मिळते त्याच्यावर राग धरू नये; निर्णय त्याने दिलेले नसतात. त्याच्या पात्राचा खेळात सूड उगविणे तर सर्वस्वी वर्ज्य. त्याने भांडण वाढते आणि मूळचा प्रश्न बाजूलाच राहतो. शेवटी, आपल्याला काय हवे आहे तेही सांगावे. नुसती तक्रार ऐकणाऱ्याला वाट दाखवीत नाही.

सूत्रधाराचे कर्तव्य

अशी शंका कानी आल्यास सूत्रधाराने प्रथम ती शांतपणे ऐकून घ्यावी. नंतर काही साधे उपाय योजावेत. महत्त्वाचे फासे पडद्याआड न टाकता सर्वांसमक्ष टाकावेत. फासा टाकण्यापूर्वीच किती पडल्यास यश, हे जाहीर करावे. नियमाचा एकदा लावलेला अर्थ वहीत टिपून ठेवावा आणि तोच पुढे सर्वांना लावावा. प्रत्येक प्रसंगी मेजाभोवती क्रमाने फिरून ‘तुझे पात्र काय करते?’ असे विचारावे, म्हणजे मितभाषी खेळाडूही मागे पडत नाही. शक्य असेल तेथे काही महिन्यांनी सूत्रधाराचे पद दुसऱ्याकडे द्यावे. ज्याने एकदा त्या आसनावर बसून पाहिले, त्याची टीका पुढे पुष्कळ सौम्य आणि नेमकी होते.

इतके करूनही पालट झाला नाही, तर? तर नम्रपणे निरोप घ्यावा. करमणुकीसाठी जमलेल्या मंडळीत दर आठवड्याला मन कडू करून घेण्याचे बंधन कोणावरही नाही. मात्र जाताना कारण स्पष्ट सांगून जावे. मागे कुजबूज ठेवून जाऊ नये.

विद्यार्थिमित्रहो, हा विचार एका परदेशी खेळापुरता नाही. वर्गप्रमुख निवडणारे शिक्षक, संघ निवडणारा कर्णधार, वडीलधारी माणसे आणि उद्या एखाद्या कचेरीत अधिकारपदावर बसणारे तुम्ही स्वतः, या सर्वांच्या हाती कधी ना कधी फासे येणार आहेत. तेव्हा शंका घेणाऱ्याने आधी मोजावे, मग बोलावे. आणि अधिकार हाती असणाऱ्याने आपले माप सर्वांना दिसेल असे ठेवावे. एवढे पथ्य दोघांनी पाळले, तर खेळही टिकेल आणि मैत्रीही टिकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

1. दहाच्या दहा फेकींत यश येण्याची संभाव्यता किती? असे चौघांपैकी निदान एकाच्या बाबतीत घडण्याची संभाव्यता काढा.
2. ‘समान वागणूक’ आणि ‘न्याय्य वागणूक’ यांतील भेद आपल्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
3. मिडवेच्या युद्धखेळात पंचाचा निर्णय फिरविल्याने अखेर कोणाचे नुकसान झाले असे तुम्हांस वाटते? सकारण लिहा.