उन्हाळ्यात मालवाहू गाडीच्या इंजिनाची निगा

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. नेमक्या त्याच दिवसांत तेंदूपत्त्याची पोती व शेणखत यांची वाहतूक चालते. अशा वेळी डिझेल पिकअपचे इंजिन अति तापल्यास हेड वाकते व हंगामाची कमाई दुरुस्तीत जाते.

कूलंटचे तापमान साधारणतः ८० ते ९५ अंश असावे. वंगणतेल सावकाश तापते व सावकाश निवते. भार असता ते कूलंटहून बरेच अधिक तापते. सुमारे १२० अंशांपुढे ते पातळ होऊन लवकर खराब होते. बहुतेक पिकअपमध्ये तेलाच्या तापमानाचा काटा नसतो. म्हणून कूलंटचा काटा उतरला, की तेलही निवले, असे समजू नये.

शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

१. रोज सकाळी इंजिन थंड असता तेल व कूलंट यांची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरल्याचा संभव असतो. गाडी चालवू नये.

२. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचोळा व धूळ पाण्याच्या हलक्या धारेने काढावी.

३. विहिरीचे क्षारयुक्त पाणी भरू नये. आत क्षारांचा थर बसतो.

४. काटा लाल पट्टीकडे सरकताच गाडी सावलीत थांबवून इंजिन मंद गतीने चालू ठेवावे. वाफ येत असल्यास किंवा तेलदाबाचा दिवा लागल्यास मात्र ते तत्काळ बंद करावे.

५. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये.