हिमा, देवराई आणि चर्चचं आवार: झाडाला हात लावण्याआधी परवानगी कशासाठी?

ताइफमध्ये राहणारी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी हदा किंवा शफाच्या डोंगरावर जातातच. तिथे उतारावर दिसणारी गडद हिरवी, पीळदार खोडांची झाडं म्हणजे जुनिपर. अरबीत त्याला 'अरअर' म्हणतात. चहासाठी चूल पेटवावी आणि त्याच झाडाची एखादी वाळकी फांदी मोडून घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे. पण सौदी अरेबियात हा गुन्हा ठरू शकतो. 'एका फांदीनं काय होतं?' असं तुम्ही विचाराल. या लेखात त्याचंच उत्तर शोधू.

आधी कायदा

सौदीचा पर्यावरण कायदा २०२० साली मंजूर झाला. परवान्याशिवाय झाड किंवा झुडूप तोडणं, उपटणं, त्याची साल काढणं किंवा पानं ओरबाडणं याला त्यात मनाई आहे. गंभीर गुन्ह्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि तीन कोटी रियालपर्यंत दंड होऊ शकतो, असं तिथल्या सरकारी अभियोग विभागानं तेव्हाच जाहीर केलं होतं. रानातल्या झाडांची जबाबदारी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती-आच्छादन केंद्राकडे आहे.

कायद्याआधीचा कायदा: हिमा

ही शिस्त या डोंगरांना नवी नाही. अरबस्तानात 'हिमा' नावाची राखीव जमिनीची प्रथा इस्लामच्याही आधीपासून होती. पुढे इस्लामी कायद्यानं तिला नवं रूप दिलं: हिमा एखाद्या सरदाराच्या चैनीसाठी नव्हे, सगळ्यांच्या हितासाठी राखायची. ताइफच्या वज्ज खोऱ्यातली शिकार आणि काटेरी झाडं निषिद्ध आहेत, असं वचन हदीसच्या एका संग्रहात येतं. ते कितपत ग्राह्य धरावं याबद्दल पंडितांत मतभेद आहेत, पण झाडांच्या राखणीचा विचार इथे किती जुना आहे ते त्यावरून दिसतं.

१९६९ मध्ये कुरणतज्ज्ञ ओमर द्राज यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी हिमांचा अभ्यास केला आणि त्यांचे पाच प्रकार सांगितले. काही हिमांत चराईबंदी असे, पण गवत कापायला मुभा असे. काहींत ठरावीक हंगामातच चराई होई. काही मधमाश्यांसाठी राखलेल्या होत्या. पाचवा प्रकार जुनिपर, बाभूळवर्गातली झाडं अशा वृक्षांच्या हिमांचा. तिथे तोड फक्त खरी निकड असेल तरच होई: कुणाचं घर पडलं, मशीद किंवा शाळा बांधायची आहे. म्हणजे 'मला हवंय' एवढं कारण पुरत नसे. गरज गावाला पटावी लागे.

१९५३ च्या फर्मानानं बहुतेक हिमा सर्वांना खुल्या झाल्या आणि त्यांची राखण ढिली पडली. जे सगळ्यांचं झालं, त्याला विचारणारं कुणीच उरलं नाही.

आपल्याकडचा कौल

हे वाचून तुम्हाला देवराई आठवली असेल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवराईतलं झाड देवाचं. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड लागलं तरी कोकणात अनेक गावांत आधी देवाला कौल लावतात. शहरांत हेच काम महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाकडे दिलं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना तिसरा नमुना माहीत असेल. तिथल्या चर्चच्या आवारात शेकडो वर्षांची यू झाडं असतात. त्यांपैकी एखादं छाटायचं तर पाद्रीबुवांची 'हो' पुरत नाही. कामानुसार आर्चडीकनची लेखी परवानगी किंवा चर्चच्या न्यायालयाचा आदेश लागतो. शिवाय ते आवार संवर्धन क्षेत्रात असेल, तर स्थानिक कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड असलेल्या खोडाला हा नियम लागू होतो.

हिमा, देवराई, चर्च. धर्म वेगळे, देश वेगळे, पण तिन्हीकडे निर्णय एकट्याच्या हातात ठेवलेला नाही. का?

जखम भरत नाही, झाकली जाते

आपल्याला खरचटलं की तिथे नव्या पेशी येऊन कातडी पूर्ववत होते. झाडाचं तसं नसतं. कापलेलं लाकूड पुन्हा जुळत नाही. अमेरिकी वनसेवेतले संशोधक अलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं, की झाड जखमेभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभ्या करतं आणि कुजणं आतच कोंडून ठेवतं. बाहेरून नवं लाकूड चढतं, पण जखम आयुष्यभर आत राहते.

म्हणून काप कुठे घेतला याला महत्त्व आहे. फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर कडा असतो. भिंत उभारणारा भाग तोच. फांदी त्याच्या बाहेर कापली तर झाड जखम कोंडू शकतं. खोडालगत सपाट कापली तर ती भिंतच जाते. शेंडा छाटणं त्याहून वाईट, कारण मोठी जखम उघडी राहते आणि नंतर फुटणाऱ्या फांद्या कमकुवत असतात.

जुनिपरच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. हे झाड फार हळू वाढतं. इथल्या उंच जुनिपरमध्ये बहुधा नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, त्यामुळे विरळ उतारावरची एक मादी गेली की बियाही गेल्या. कोवळी रोपं मोठ्या झाडाच्या सावलीत तग धरतात आणि डोंगरावरचं धुकं पानांवर थेंब होऊन मुळांशी टपकतं. झाड गेलं की ही सावली आणि हे पाणी, दोन्ही जातं.

तुमच्या दारातलं झाड

फांदी खिडकीला घासते, मुळं फरशी उचलतात, अशी अडचण असेल तर क्रम असा ठेवा:

१. झाड कुणाच्या जागेत आहे ते पाहा. भाड्याच्या घरात आधी घरमालकाला सांगा. रस्त्यावरचं असेल तर नगरपालिकेला, म्हणजे बलदियाला कळवा.

२. अर्जात 'झाड काढा' एवढंच लिहू नका. अडचण काय आहे, कोणती फांदी, किती जाड, हे फोटोसह लिहा.

३. आधी छाटणीनं भागतं का ते विचारा.

४. शेजारी खोदकाम असेल तर मुळं जपा. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा अंदाज सोपा आहे: खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्या. ४० सेंटीमीटर खोडाभोवती ४.८ मीटरपर्यंत खणू नये.

५. लेखी परवानगी हातात येईपर्यंत करवत बाहेर काढू नका.

परवानगीचा कागद कंटाळवाणा वाटतो. पण झाडावरचा काप मागे घेता येत नाही, आणि म्हणूनच तो घेण्याआधी दुसऱ्या कुणीतरी 'खरंच गरज आहे का?' असं विचारलेलं बरं. शफाच्या डोंगरावर मात्र तुम्हाला विचारायला कुणी नसेल. तिथे हा प्रश्न स्वतःलाच विचारा, आणि चहा घरून थर्मासमध्ये भरून न्या.