पीकसल्ला मागताना प्रश्न कसा लिहावा?



"सोयाबीन पिवळे पडले आहे, औषध कळवावे." पावसाळ्यात सल्ला मागणारी पत्रे आणि आता मोबाईलवरचे संदेश बहुधा एवढ्याच मजकुराचे असतात. देवगाव फाट्याहून परभणीला कृषी विद्यापीठात जाऊन यायचे म्हटले की ऐन खुरपणीतला दिवस मोडतो, म्हणून लिहून विचारणे सोयीचेच आहे. मात्र उत्तर देणाऱ्याने आपले शिवार पाहिलेले नसते. आपण लिहू तेवढेच त्याला दिसते.

सोयाबीन पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता संभवते. चुनखडीच्या जमिनीत, पाणी साचल्यावर ती हमखास दिसते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडले असावे. अशा वेळी झाड उपटून मुळावरची गाठ फोडून पाहावी. ती आतून गुलाबी असेल तर गाठी काम करीत आहेत असे समजावे. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक असू शकतो. त्यावर औषध नाही, रोगट झाडे उपटून नष्ट करावी लागतात. लोहाची फवारणी मोझॅकवर केली तर पैसा जातो आणि रोग मात्र शेजारच्या तासांत पसरतो. तेव्हा "पिवळे" या एका शब्दावर सल्ला कसा द्यावा?

त्याऐवजी असे लिहून पाहावे: "सोयाबीन २ एकर, पेरणी २४ जून, जमीन भारी व चुनखडीची. गेल्या आठवड्यात ४ दिवस पाऊस होऊन सखल भागात पाणी साचले. तेथील सुमारे १० गुंठ्यांत शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या. खालची पाने चांगली आहेत. अद्याप फवारणी केलेली नाही." या पत्राला नेमके उत्तर देता येते: साचलेले पाणी काढावे, वाफसा येताच कोळपणी करावी आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट व २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून फवारावे.

"खूप", "थोडी", "भरपूर" हे शब्द टाळावेत. मोजून आकडा लिहावा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले, तेव्हापासून कामगंध सापळे बरेच जण लावतात, पण पतंग मोजतात थोडेच. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. हा आकडा पत्रात असला की फवारावे की थांबावे, हे लगेच सांगता येते.

आपली चूकही लिहावी. २,४-डी तणनाशक वापरलेला पंप नीट न धुता कपाशीवर चालवला, तर पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली व अरुंद होतात. ही गोष्ट लपवली तर समोरचा माणूस विषाणू शोधत बसतो. आधी फवारलेल्या औषधाचे नाव, मात्रा व तारीख द्यावी. "दुकानदाराने दिले ते" असे लिहून भागत नाही. डब्यावरचे नाव उतरवून घ्यावे.

छायाचित्र पाठवायचे असेल तर तीन काढावीत: शेताचे, पूर्ण झाडाचे आणि पानाच्या खालच्या बाजूचे. झाडाचा नमुना प्रत्यक्ष पाठवताना ओल्या प्लॅस्टिकमध्ये बांधू नये, तो वाटेतच कुजतो, वर्तमानपत्रात गुंडाळावा.

एका पत्रात एकाच पिकाचे विचारावे. हाच प्रश्न चार ठिकाणी विचारला असेल तर तसे कळवावे. चौघांनी सांगितलेली औषधे एकाच पंपात मिसळल्याने पीक करपल्याची उदाहरणे आहेत. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनी काय फरक पडला, हे दोन ओळींत जरूर कळवावे. गुण आला नसेल तर ते आधी कळवावे, कारण शेजारच्या गावाहून तोच प्रश्न आलेला असतो.