आधी थांबते का ते बघ

ऊर्जानगर, चंद्रपूर
तान्हा पोळा

चि. बाबू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तिन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. आबाजींच्या टाटाला आधी हात घालू की जीपला, आणि फार्गोचं काय करू, असं तू विचारलंस. पत्र वाचतानाच कळतं की तुझा जीव टाटात अडकलाय आणि मी हो म्हणायचीच तू वाट बघतोयस. मी हो म्हणत नाही. जीप कर. टाटा उभा ठेव. फार्गो जाऊ दे. का, ते सविस्तर लिहितो, कारण नुसतं "नको" म्हटलेलं तू ऐकणार नाहीस, आणि कारण कळल्याशिवाय ऐकूही नयेस.

तू लिहितोस की टाटाचं इंजिन हातानं फिरतं, म्हणजे गाडी अर्धी झालीच. इथेच सगळे फसतात. जुनं इंजिन धडधडलं की अख्खं गाव गोळा होतं, नारळ फुटतो, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी गाडी रस्त्यावर काढतो. अरे, इंजिन बंद पडलं तर गाडी जागच्या जागी उभी राहते, कोणाचं काही जात नाही. जीव जातो तो ब्रेक, स्टिअरिंग, चेसी, चाकं आणि पेट्रोल यांच्यापायी. म्हणून गाडी निवडताना आधी ती थांबेल का ते बघायचं, मग वळेल का, मग वजन पेलेल का. चालेल का हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

टाटाबद्दल मला काही वाटत नाही असं समजू नकोस. माझी ताई लग्न होऊन तुमच्याकडे आली ती त्याच्याच केबिनमध्ये बसून. त्याच्या जाळीवर चांदणीची जागा अजून ओळखू येते. टेल्कोनं 1954 साली जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, तो करार 1969 ला संपला आणि त्यांची चांदणी जाऊन टाटाचा 'टी' आला. तेव्हा तुझा ट्रक त्या पहिल्या पंधरा वर्षांतला. हिवाळ्यात त्यानं धानाची पोती राईस मिलला नेली आणि उन्हाळ्यात आलापल्लीच्या जंगलातलं सागवान आष्टीवरून बल्लारशाच्या डेपोत टाकलं. आबाजींचं घर त्या ट्रकनं उभं केलं.

पण त्याच सागवानानं त्याची कंबर मोडली. आबाजींच्या तेरवीला आलो होतो तेव्हा टॉर्च घेऊन मी त्याच्याखाली वाकलो होतो. मागच्या डाव्या पाट्यांचा हँगर जिथे रिव्हेटनं चेसीला बसलाय, तिथे खालच्या कडेपासून वर चढणारी एक लालसर रेघ आहे, केसाएवढी बारीक. पुसली तरी चार दिवसांत पुन्हा दिसेल. ती चीर आहे. गाडी हलली की ती उघडझाप करते, आत पाणी शिरतं आणि गंज बाहेर ओघळतो. वीतभर पुढे जुनं वेल्डिंग आहे, वर एक पट्टी मारलेली. चेसीच्या कडेवर असं आडवं वेल्डिंग केलं की शेजारचं लोखंड कमजोर होतं आणि पुढची चीर तिथूनच निघते. धानाची पोती हौदात सारखी पसरतात, ओंडके तसे बसत नाहीत. जंगलातल्या खड्ड्यात मागचं चाक आदळलं की सगळा मार एका हँगरवर येतो. तू स्वतः हातोडीनं चेसी ठोकून बघ. चांगलं लोखंड खणखणतं, आणि दोन पट्ट्यांमध्ये गंज फुगलाय तिथे आवाज बद्द येतो. मला तो तीन जागी बद्द आला.

अशी चेसी दुरुस्त होतच नाही असं नाही. सगळे रिव्हेट काढून, पट्ट्या मोकळ्या करून, खराब तुकडा बदलून पुन्हा बसवणारे कारागीर नागपुरात सापडतील. त्यात तुझे दोन हंगाम जातील आणि एवढं करून ट्रक रस्त्यावर येईलच असं नाही, कारण मध्ये कागद उभा आहे. ट्रक हे मालवाहू वाहन. त्याला दरवर्षी फिटनेस लागतं, आणि पंधरा वर्षांवरच्या जड वाहनाची फी केंद्र सरकारनं 2022 पासून कित्येक पट वाढवली आहे. जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले खरे, पन्नास वर्षांवरच्या गाडीला त्यात नंबर मिळतो. पण तो दुचाकीला आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकीला. मालट्रक त्यात बसत नाही. यंदाचं धान टाटातून मिलला न्यायचं हे जे तू मनात धरलंयस, ते सोड. चिरलेल्या चेसीवर धान भरून तू वडशाच्या रस्त्याला लागलास, तर त्या रस्त्यावर शाळेत जाणारी पोरंही असतात.

जीप मात्र त्या नियमात बसते. 1968 ची, खासगी नोंदणीची, आरसी पुस्तक पेटीत जपलेलं, आणि आबाजींनी तिच्यात डिझेल इंजिन घुसवलं नाही हे फार चांगलं केलं. त्या काळात पेट्रोल परवडत नाही म्हणून गावोगावी जीपांची इंजिनं बदलली गेली, आणि विंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला 5,000. नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र विंटेज नोंदणीवर रोज शेतावर जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच गाडी काढायची. रोज वापरायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करून घे. यातलं काय हवं ते आधी ठरव, कारण त्यावर काय बदलता येईल आणि काय नाही हे ठरतं.

जीपची चेसी मी ठोकून पाहिली आहे, सगळीकडे खणखणीत आहे. तिच्यातले धोके वेगळे आहेत, ते नीट समजून घे. एक म्हणजे ब्रेक. चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, तो ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याच्या खाली. कुठलीही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. आजच्या गाड्यांसारखी दुसरी लाईन नाही. तेव्हा मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या सगळं नवं टाकायचं. "ही नळी बरी दिसते" म्हणून एकही ठेवायची नाही. आणि हँडब्रेकच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच्या एका ड्रमवर आहे. शाफ्टचा जॉइंट सुटला, किंवा तूच तो दुरुस्तीला उतरवलास, की हँडब्रेक ओढलेला असूनही जीप उतारावर घरंगळेल.

दुसरं म्हणजे पेट्रोल. टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे. ती उतरवून वास घे, आत उजेड टाकून गंज बघ, पण टॉर्चनं. काडी पेटवून आत बघणारे महाभाग मी पाहिले आहेत. गळत असेल तर गॅरेजवाल्याला "जरा टाका मार" म्हणू नकोस. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते. नवी टाकी करून घे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलचे सगळे पाईप आणि पंपाचा पडदाही नवा टाक. वायरिंगवरचं कापडी वेष्टण उंदरांनी कुरतडलंय, ते सगळं काढून फ्यूजसकट नवं कर आणि बॅटरीला कटऑफ स्विच बसव. स्विच मूळचा नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तरी चालेल, सीटखाली पेट्रोल घेऊन बसणार तू आहेस.

ड्रम उघडशील तेव्हा आत काळी भुकटी दिसेल. गॅरेजातली पोरं ती कंप्रेसरच्या हवेनं उडवतात. तू उडवू नकोस. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत गेलं की तिथेच राहतं आणि कित्येक वर्षांनी त्रास देतं. पाणी शिंपडून भुकटी भिजव, ओल्या फडक्यानं पुस, फडकं पिशवीत बांधून टाक, आणि हे करताना बारकी भाचरं अंगणात नकोत.

आमच्या वीज केंद्रात मशीन बंद करून, तिची वीज तोडून, परमिट हातात पडल्याशिवाय कोणी आत हात घालत नाही. तुझ्या गोठ्यात परमिट देणारं कोणी नाही, ते तुलाच स्वतःला द्यायचं आहे. बॅटरी सोडवलेली, चाकांना पुढून-मागून ठोकळे, गाडी लोखंडी घोड्यांवर बसलेली, आणि जवळ एक मोठं माणूस. यातलं एक जरी नसेल तर गाडीखाली जायचं नाही. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. आत्ता तर जमीन ओली आहे, तुमच्या अंगणात जॅक कलायला वेळ लागणार नाही. पाऊस संपेपर्यंत गाडी उचलूच नकोस, तोवर कागदाचं बघ. आणि दिवस मावळायच्या आत काम थांबव. 2022 च्या फेब्रुवारीत इथे केंद्राच्या परिसरात वाघानं कामावरून घरी निघालेल्या माणसाला नेलं. तुमच्याकडे तर जंगल गोठ्याला लागून आहे.

टाटा उभा ठेव म्हणजे टाकून दे असं नाही. त्याच्यावर शेड घाल. चारही बाजूंनी लाकडी स्लीपर रचून त्यावर घे, रेडिएटरमधलं पाणी काढून टाक, चेसीला तेल मार. त्याच्या चाकांना मात्र हात लावू नकोस. ती लॉक रिंगची आहेत. जुनी, गंजलेली रिंग हवा भरताना उसळली तर माणूस वाचत नाही. टायर उतरवायचेच झाले तर आधी व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडायची, आणि पुन्हा हवा भरणं जाळीच्या पिंजऱ्यात, ज्याच्याकडे पिंजरा आहे अशाच टायरवाल्याकडे. इंजिन चालू करून बघायचा मोह होईल. डिझेल इंजिन एकदा बेफाम सुटलं की चावी काढून थांबत नाही, हवा बंद करावी लागते. म्हणून मी येईपर्यंत थांब. पुढे पैसा साठला, चेसीचा कारागीर मिळाला, तर तोही करू. ताईला हे असंच सांग.

फार्गोबद्दल फार लिहीत नाही. इंजिन कधीच ओलिताच्या पंपाला गेलं, केबिनचं लाकूड वाळवीनं खाल्लं, कागद नाही. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी म्हणून समोरची जाळी आणि नावाची पट्टी जपून ठेव. बाकी रीतसर भंगारात जाऊ दे, पण चेसी नंबर घेऊन आरटीओत विचारल्यावरच. फिरत्या भंगारवाल्याला परस्पर दिलास आणि नोंद आबाजींच्या नावावर राहिली, तर उद्या निस्तरायचं तुलाच.

आता कागद. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा असतो, तो नमुना 31. तुमचा उशीर झालाय, दंड पडेल तो भर. त्याआधी काकांची आणि दोन्ही आत्यांची लेखी संमती घे. आबाजींच्या गाडीवर त्यांचाही तुझ्या बाबांइतकाच हक्क आहे, आणि जीप रंगवून दारात उभी राहिल्यावर विचारणं बरं दिसत नाही. तुमचा गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून वेगळा झाला, तेव्हा जीपची मूळ नोंद तुमच्या ऑफिसात निघणार नाही. आरसी पुस्तकावरचा पहिला शिक्का चंद्रपूरचा आहे की नागपूरचा ते बघून मला कळव आणि सगळ्या पानांची झेरॉक्स पाठव. चंद्रपूरचा असेल तर जुनं रजिस्टर मी इथे जाऊन शोधतो. इंजिन आणि चेसीवरचे नंबर घासलेटाच्या फडक्यानं पुसून, वर कागद धरून पेन्सिलनं घास, तेही सोबत जोड. ग्राईंडर लावू नकोस, नंबर उडाला तर गाडीची ओळखच गेली.

ताईला, भाऊजींना नमस्कार. नवरात्रात सुट्टी टाकून येतो, घोड्या इथूनच आणतो.

तुझा,
मामा