पाय दुखतात ते गड चढल्यामुळे की उतरल्यामुळे?

शाळेची सहल गडावर जाऊन आली, की दुसऱ्या दिवशी एक गंमत दिसते. काल धावत गड उतरलेली मुले आज कठडा धरून जिना उतरत असतात. गडावरून घरी येईपर्यंत फारसे दुखत नाही. दुखणे सुरू होते ते दुसऱ्या दिवशी, आणि त्याचा जोर एक-दोन दिवस टिकतो. असे का व्हावे?

'स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते म्हणून', हे उत्तर अनेकांना पाठ असते. जोराच्या व्यायामात लॅक्टेट वाढते हे खरे. पण थांबल्यावर साधारण तासाभरात त्याचे प्रमाण पूर्ववत होते. मग दोन दिवसांनंतरच्या दुखण्याचे खापर त्याच्यावर कसे फोडायचे?

थोडे पदार्थविज्ञान पाहू. तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आणि गडाचा चढ ५०० मीटर आहे असे समजा. चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ५० × ९.८ × ५०० = २,४५,००० ज्यूल कार्य करावे लागते. उतरताना तेवढीच स्थितिज ऊर्जा कमी होते. पण तुम्ही दगडासारखे गडगडत येत नाही. मांडीचे पुढचे स्नायू पावलोपावली शरीराला आवरून धरतात. चढताना हे स्नायू आखडत जाऊन ओढ लावतात. उतरताना ते ओढ लावीत असतानाच ताणले जातात. बल एका दिशेला, विस्थापन उलट दिशेला. म्हणजेच हे ऋण कार्य होय.

१९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन सायकली साखळीने जोडल्या. एकाने पायडल मारायचे, दुसऱ्याने ते रोखायचे. दोघांचे बल सारखेच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. म्हणूनच उतरताना धाप लागत नाही. मात्र यात थोडेच स्नायुतंतू कामाला लागतात आणि प्रत्येकावर ताण जास्त येतो. सवय नसलेल्या तंतूंची सूक्ष्म रचना त्यामुळे विस्कटते. पुढे दुरुस्ती सुरू होते, दाह होतो आणि वेदना जाणवतात.

हे दुखणे बहुधा आठवड्याभरात आपोआप थांबते. हलके चालणे व हलक्या हाताने मालिश यांनी आराम पडतो. खरा उपाय आधीच करायचा असतो. सहलीपूर्वी आठ-दहा दिवस टेकडी किंवा जिना उतरण्याचा थोडा सराव करावा. सरावलेला स्नायू पुढे काही आठवडे कमी दुखतो.

शिक्षकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उठाबशा काढताना खाली बसणे हेही ऋण कार्यच आहे. सवय नसलेल्या मुलाला शंभर उठाबशांची शिक्षा दिल्यास स्नायुतंतू मोठ्या प्रमाणात फुटून मूत्रपिंडांना धोका पोचू शकतो. पाय फार सुजले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटी एक प्रयोग. एकाच पायरीवर पाच मिनिटे चढ-उतार करा. चढताना आणि उतरतानाही उजवा पाय आधी टाका. म्हणजे शरीर उचलील उजवा पाय आणि खाली सोडील डावा. दोन दिवसांनी कोणता पाय अधिक दुखतो, ते वहीत टिपून ठेवा.