साडीला साल नसतं

अगं, एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाक. जुन्या काळचं नेसायचं म्हणजे अंबाड्यापासून चपलेपर्यंत सगळं एकाच सालातलं हवं, हे निव्वळ खूळ आहे. तसं कुणी कधी नेसलंच नाही. घरातले लग्नाचे फोटो काढून बघ. सासूची पैठणी, आजीची ठुशी, मोठ्या जावेकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेल्या पाटल्या, आणि अंगात मात्र त्याच वर्षी शिवलेला ब्लाउज. जरीची साडी दोन पिढ्या टिकायची, ब्लाउज चार वर्षांत काखेत फाटायचा नाहीतर पहिल्या बाळंतपणानंतर चढायचाच नाही. त्यामुळे चांगल्याचुंगल्या प्रसंगी प्रत्येकीच्या अंगावर दोन-तीन काळ एकदम असायचेच. एकाच दशकाची शुद्ध वेशभूषा हवी असेल, तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनात बघायला मिळते, आणि तिथेही ती भाड्यानं आणलेली असते.

तेव्हा तू पणजीचं लुगडं, माझा ब्लाउज आणि आईचे झुमके एकत्र घालायचं म्हणतेस, त्यात बिघडत काहीच नाही. फक्त मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं ते ध्यानात ठेव: साडीला साल नसतं, ब्लाउजला असतं.

फोटो कधीचा ते ओळखायचं असेल तर पदराकडे बघू नकोस, बाहीकडे बघ. पन्नासच्या दशकात बाही कोपराला टेकलेली, गळा वर, पाठ झाकलेली. साठच्या दशकात बाही आखडत आखडत शेवटी गेलीच, आणि शिलाई अंगाला चिकटली. सत्तरच्या दशकात गळा उतरला, कापडावर बशीएवढी फुलं आली. ऐंशीच्या दशकात फुग्याच्या बाह्या. आणि 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ आला, तेव्हा पुढची दोन-तीन वर्षं लग्नसराईत ज्या त्या मुलीला माधुरीसारखी जांभळी साडी आणि पाठीवर खोल गळा हवा होता. साडी मात्र या सगळ्यात फारशी हलली नाही. काठ लहानमोठे झाले, पोत बदलला, पण ते सगळं पाच-सहा वारांच्या आतलंच.

म्हणून आधी ब्लाउजचं दशक ठरव. एकच. कोपरापर्यंतची बाही घेतलीस तर गळा पन्नासचाच ठेव, पाठीला नव्वदीतली नाडी आणि गोंडे लावू नकोस. शिलाईत दोन काळ मिसळले की ते शिंप्याच्या चुकीसारखं दिसतं. कापडात चार काळ मिसळले तरी कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. पणजीच्या लुगड्याचा विरलेला काठ नव्या कापडाच्या ब्लाउजला लाव, खुशाल लाव. पण बेतणी मात्र एकाच काळाची हवी.

हे मीच म्हणते असं नाही. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी सिनेमातल्या कपड्यांत हेच केलं. चुडीदार-कुर्ता काही नवीन नव्हता, केव्हापासूनचा. 1965 च्या ‘वक्त’मध्ये त्यांनी साधनाला तोच दिला, फक्त अंगाबरोबर बसणारा आणि बिनबाह्यांचा, आणि कॉलेजातल्या मुलींनी तो डोक्यावर घेतला. 1968 च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजची ती नारिंगी साडी आठवते का? ती शिवलेली होती, निऱ्या जागच्या जागी पक्क्या. नाचताना सुटू नये म्हणून. जुनी वस्तू घ्यायची आणि बेतणी एकाच जागी बदलायची, एवढंच त्यात कसब. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 साली त्यांना ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं ते पहिलंच.

आता मॅचिंगचं. ही तुमच्या पिढीची नाही, माझ्या पिढीची खोड आहे. गल्लोगल्ली मॅचिंग सेंटरं निघाली आणि आम्ही साडीचा तुकडा हातात धरून दुकानाबाहेरच्या उजेडात रंग ताडून बघायला लागलो. त्याआधी इरकली लुगड्यावर खणाची चोळी असायची ती साडीच्या रंगाची मुद्दाम नसायचीच. हिरव्यावर जांभळी, काळ्या चंद्रकळेवर लाल. तेव्हा हातमागाची जुनी साडी काढलीस तर मॅचिंगच्या नादी लागू नकोस. काठातला एक रंग उचल आणि तो चोळीला घे, नाहीतर सरळ विरुद्ध रंग घे. उलट सत्तर-ऐंशीतली छापील साडी असेल, व्हॉईल किंवा शिफॉन, तर तिच्यावर मॅचिंगच शोभतं, कारण ती तशीच विकली आणि नेसली गेली. ‘चांदनी’नंतर, म्हणजे 1989 नंतर, फिक्या रंगाच्या शिफॉनवर त्याच रंगाचा ब्लाउज हा तर नियमच झाला होता. अशा साडीवर खणाचा ब्लाउज चढवला की साडी गरीब दिसते. आजकाल प्रत्येक गोष्टीवर खण लावतात, पर्सवर, चपलेवर, मोबाईलच्या कव्हरवर. मला नाही आवडत.

कापड ओळखायला शीक, त्यावाचून पुढचं सगळं फुकट. काठाच्या आतून एक धागा ओढ, चिमट्यात धर आणि काडी लाव. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरा झाला तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास आणि राखाडी राख, तर सुती. वितळून त्याची कडक गोळी झाली तर नायलॉन किंवा पॉलिस्टर, मग ती कितीही रेशमी चमकू दे. साठच्या दशकात नायलॉनची साडी म्हणजे केवढी ऐट होती! धुतली की वाळली, इस्त्री नको, स्टार्च नको. पण ती नेसून समईजवळ किंवा गॅसपाशी वावरू नकोस. ती पेटत जाते आणि अंगाला चिकटते. इस्त्री अगदी मंद, आणि वर सुती फडकं टाकून.

जरीचंही तसंच. खऱ्या जरीत आत रेशमाचा धागा असतो, त्याभोवती चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. ती जुनी झाली की काळवंडते, पण मऊ राहते. ‘टेस्टेड’ म्हणतात त्या जरीच्या आत तांबं असतं, ती घासली की तांबूस दिसते. प्लास्टिकची जर काळी पडत नाही, तिचे पापुद्रे निघतात. हे कळायला हवं, कारण काळवंडलेल्या खऱ्या जरीला नवी चकचकीत प्लास्टिकची जर शेजारी आणून ठेवलीस, तर खरीच खोटी वाटायला लागते. जुन्या जरीजवळ दुसरी जर नकोच. ब्लाउज साधा, सुती किंवा बिनजरीच्या रेशमाचा. गळ्यातलंही फार पिवळंधमक नको, जुनं सोनं किंवा मोती घे. आणि अंगावर अत्तर मारायचं असेल तर साडी नेसायच्या आधी. जरीवर एक फवारा पडला की डाग कायमचा.

बोहारीण दारावर यायची, स्टीलच्या पातेल्यावर जरीच्या साड्या घेऊन जायची. पुढे त्या जाळून चांदी काढत. किती घरांतल्या पैठण्या अशा पातेल्यात गेल्या! म्हणून विरलेली म्हणून टाकू नकोस. साडी आधी कुठे विरते? कमरेपाशी, निऱ्यांत आणि घडीच्या रेषेवर. काठ आणि पदर बहुतेक शाबूत असतात. ते सोडवून त्याच रंगाच्या नव्या रेशमावर बसवता येतात. येवल्या-पैठणला असं काम जाणणारे आहेत, पुण्या-मुंबईतही मिळतात. पण साडी धडधाकट असेल तर तिला कात्री लावायची नाही. पैठणीचा गाऊन, पैठणीचं जाकीट, पैठणीची कसलीशी जंपसूट का काय ती, हे माझ्यासमोर तरी नको.

नेसताना एक अडचण हमखास येईल, ती पन्ह्याची. जुन्या लुगड्यांचा पन्हा कमी असायचा आणि तू तर माझ्याहून वीतभर उंच. गोल नेसलीस तर घोटे उघडे पडतील. लांबीला नऊवारीला तोटा नाही, पण लांबीनं उंची भागत नाही. खालून परकराच्या रंगाची पट्टी दिसू दे, किंवा आतून त्याच पोताच्या कापडाची झालर लाव. नाहीतर सरळ काष्टा घाल, नऊवारी आहे तर नऊवारीच नेस. आणि परकर सुती, भरपूर घेराचा घे. ते हल्ली मिळतं ना अंगाला घट्ट बसणारं, माशाच्या शेपटीसारखं, ते साठच्या दशकातल्या शिफॉनला चालेल, कारण ती तशीच घट्ट नेसायची. रेशमाच्या जड साडीला ते घालून चालायला गेलीस की प्रत्येक पावलाला निऱ्यांवर ताण येतो. जुनं रेशीम ताणावरच फाटतं, आणि फाटताना आवाज करतं. मांडवात सगळ्यांना ऐकू येईल.

पिन लावताना आतून छोटा सुती तुकडा ठेव आणि पिन त्यातून घे. खांद्यावर पदराच्या बारीक निऱ्या घालून पिनेनं जखडायची पद्धत तशी अलीकडची. जुन्या साडीचा पदर मोकळा सोडला की त्याचं नक्षीकाम दिसतं, मुनिया दिसते, असावली दिसते. एवढं विणलंय ते काय घडी घालून लपवायला?

माझे ब्लाउज तुला होणार नाहीत असं तू म्हणतेस. उलटा करून बघितलास का? आमचे शिंपी दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया ठेवायचे. ती उसव, ब्लाउज सहज दोन मापं वाढेल. आधीच्या टाक्यांच्या रेषा सुती कापडावर गडद दिसतील, एका धुण्यानं जात नाहीत, पण त्या काखेखाली असतात, कुणी बघत नाही. माया नसेल तर काखेत पट्टी घाल. आणि घालण्याआधी सगळी शिलाई एकदा परत मारून घे. कापड टिकतं, दोराच आधी कुजतो. दोरा सुती वापर; पॉलिस्टरचा दोरा इतका चिवट की तो तुटत नाही, जुनं कापडच कापतो. मुंबईच्या फिनले किंवा खटाव गिरणीच्या व्हॉईलचे ब्लाउज सापडले तर ते आधी बाजूला काढून ठेव. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, कित्येक गिरण्या पुढे उभ्या राहिल्याच नाहीत. आता त्या नावाचं सगळंच कापड तेच असतं असं समजू नकोस. हातात घेऊन बघ.

डांबरगोळ्यांचा वास घालवायला कपडे उन्हात टाकू नकोस, सावलीत वाऱ्यावर टाक. परत ठेवताना वेखंडाची पुरचुंडी, आणि जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळून. दर पावसाळ्यानंतर घडी मोड आणि दुसऱ्या रेषेवर घाल.

दागिन्यांचं थोडक्यात. गळा ठरवेल. वर बंद गळा असेल तर ठुशी त्याच्यावर चढते, वाईट दिसते, तिथे लांब मोहनमाळ किंवा बोरमाळ घाल. खोल गळ्याला ठुशी, चिंचपेटी, तन्मणी. दोन्ही एकदम फक्त नवरीनं घालायचं. नथ घातलीस तर आईचे ऐंशीतले मोठे झुमके काढून ठेव, कुड्या घाल. मनगटावर माझं एचएमटीचं घड्याळ घालायला हरकत नाही, किल्ली दे की चालतं. ते पाटल्यांसोबतसुद्धा शोभतं. आम्ही नोकरी करणाऱ्या बायका तसंच तर घालायचो, एका हातात बांगड्या आणि दुसऱ्यात घड्याळ.

केस आणि चेहरा मात्र आजचाच राहू दे. साधनासारखे कपाळावर केस कापायचे, वर डोळ्यांना लांब काजळाची रेघ ओढायची आणि त्याखाली नऊवारी, म्हणजे मग लोक तुला बघत नाहीत, तू कोण झालीस ते ओळखत बसतात.

तुझ्या भावाचं सोपं आहे. आजोबांचा लोकरी कोट त्याला खांद्यात बसला तर घालू दे. खांद्यात बसला नाही तर विषय सोड, कारण खांदा दुरुस्त होत नाही. बाह्या आणि लांबी होते. त्याखाली नेहरू शर्ट किंवा साधा पांढरा शर्ट. सत्तरीतली बेलबॉटम आणि रुंद कॉलरचा टेरिकॉटचा शर्ट एकत्र घातलास तर ऑर्केस्ट्रात गातोस का असं लोक विचारतील, हे त्याला सांग. दोन्हींतलं एकच घ्यायचं. राजेश खन्नाचा गुरू कुर्ता तेवढा कशावरही चालतो, जीनवरसुद्धा.

आणि नवा ब्लाउज शिवायला टाकशील तेव्हा शिंप्याला इंचभर तरी माया ठेवायला सांग. हल्ली पाव इंच ठेवतात आणि उरलेलं मशीननं कापून टाकतात. फिटिंग बिघडतं असं तो म्हणाला, तर कापड परत घे आणि दुसरा शिंपी बघ.